टाकी का धुतली नव्हती?

ज्योतीराम आधी गाडीचं ऐकतो, मग मालकाचं. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात गिऱ्हाईक काही सांगायला लागलं, तर हात वर करून त्याला गप्प करायचं. मलाही त्यानं पहिल्याच दिवशी असं गप्प केलं होतं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचा प्रमुख. दिवसभर दुसऱ्यांना गप्प करायचा पगार घेतो. पण त्या दिवशी भोसरीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी मुकाट्यानं उभा राहिलो. अकरा वर्षं झाली त्याला. या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं फार दिवस मनात आहे, पण लिहायला बसलो की मधे मीच आडवा येतो.

तो औशाकडचा. विशीत भोसरीला आला तेव्हा एका खोलीत नऊ जण आणि अंथरुणं तीन, कारण ज्याची नाइट तो दिवसा झोपणार. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे नव्यानं नाव नोंदवायचं. कंपनीत शिरायचं ते मागच्या गेटनं. पुढचं गेट साहेबांचं, पाहुण्यांचं आणि व्हेंडरचं. पाच वर्षं मागच्या गेटची रांग लावून तो कंटाळला आणि किसन नावाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली डिझेल इंजिनं शिकला. किसन गेल्यावर शेड त्यानंच चालवायला घेतली. नाव बदललं नाही. आजही पाटीवर किसनचंच नाव आहे आणि कोणी विचारलं, तर म्हणतो, "इद्या त्येंची हाय, पाटी बी त्येंचीच ऱ्हाऊ द्या."

त्याची एकच हौस होती. कुठल्यातरी कंपनीचा व्हेंडर कोड मिळावा. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. कोड म्हणजे कंपनीला माल-सेवा पुरवणाऱ्यांच्या यादीतला, म्हणजे पॅनलवरचा, तुमचा नंबर, बस. पण आमच्या पट्ट्यात कोड नसलेला माणूस म्हणजे रेशनकार्ड नसलेलं कुटुंब. कोड असला की पुढच्या गेटवर तुमच्या नावाचा पास निघतो आणि वॉचमन "कुठं निघाला रे?" म्हणत नाही. आमच्या कंपनीला दोन जनरेटर आणि पाच टेंपो यांच्या देखभालीसाठी माणूस हवा होता. फॉर्म मीच आणून दिला, मीच भरून दिला. "पॅनल एकतीस मार्चला बंद होतं, एकदा नाव लागलं की तीन वर्षं बघायला नको," असं मीच त्याला सांगितलं. तो फॉर्मवर सही करताना हात पुसत होता, पुन्हा पुसत होता. शेवटी मी ओरडलो, "अरे कर बाबा सही, कागद आहे, जावई नाही!"

आता माझ्या गाडीकडे येतो. माझी डिझेल गाडी बारा वर्षांची. संत तुकाराम नगर ते चाकण, रोज जाऊन-येऊन. आमचा निमिष एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमची गाडी धूर ओकते." पोरानं तोंडावर सांगितलं की बापाला लागतं. मग मी शोध घेतला. ओळखीतल्या एका उद्योजकाकडे हॉटेलांतल्या तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करतात. मी ते आधी थोडं, मग निम्मं-निम्मं घालायला लागलो. धूर कमी झाला आणि त्याला भज्यांचा वास यायला लागला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. कॉलनीच्या पार्किंगमध्ये धरून धरून एकेकाला पर्यावरण शिकवायचो. बायको, अरुंधती, म्हणायची, "लोक तुला बघून लिफ्ट सोडून जिन्यानं जातात हल्ली."

हे तेल घालायच्या आधी मी ज्योतीरामला सांगायला गेलो होतो. विचारायला नव्हे, सांगायला. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "घाला की साहेब. पर आधी टाकी उतरवून धुवून घ्या."

"कशाला? हे तेल डिझेलपेक्षा शुद्ध आहे."

"म्हनूनच की. करपलेल्या पातेल्यात गरम पानी वतलं की खालचं समदं वर येतंय बगा. ह्ये तेल बी तसंच हाय. बारा वर्सांचा मळ टाकीच्या बुडाला बसलाय, त्यो सुटनार. एका टेंपोत बगितलंय मी."

टाकी उतरवायची म्हणजे गाडी दोन दिवस त्याच्याकडे. मला वाटलं, हा काम काढतोय. शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. मिस्त्रीनं सांगितलं की ते काम काढणं आणि डॉक्टरनं सांगितलं की तो सल्ला. मी हसून म्हणालो, "ज्योतीराम, तू इंजिन बघ, केमिस्ट्री माझ्यावर सोड." तो हसला नाही. "तुमची मर्जी," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली गेला.

सातआठशे किलोमीटर गाडी छान चालली. मग मोशीच्या पुढे चढावर दम टाकायला लागली. ज्योतीरामनं फिल्टर काढला, तो काळा ठिक्कर. नवा बसवला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा नवा फिल्टर. तो तर आठवडाभरही टिकला नाही. कंपनीच्या गेटसमोर, सकाळच्या शिफ्टच्या बसेस मागे पों पों हॉर्न मारत असताना, माझी पर्यावरणवादी गाडी बंद पडली. बसमधले ऑपरेटर खाली उतरून ढकलायला आले. त्यांतल्या एकानं विचारलं, "सर, तेल संपलं का?" मी काच वर केली. डोकं भणाणलं होतं.

त्याच संध्याकाळी तावातावानं ज्योतीरामच्या शेडवर गेलो, तर हा पांढऱ्या परातीत माझाच जुना फिल्टर डिझेलमध्ये खळबळून धूत होता. मला पाहून दचकला नाही, उलट म्हणाला, "या, ह्ये दाखवायचंच व्हतं तुमास्नी." पण मला काही बघायचं नव्हतं. मला जे दिसायचं ते दिसलं होतं. हा फिल्टर धुतो आणि तोच पुन्हा नवा म्हणून बसवतो! अकरा वर्षं आपण मूर्ख बनलो! मी तसाच मागे फिरलो आणि थांबवून ठेवलेल्या रिक्षात बसलो. तो "साहेब, आवो साहेब" म्हणत रस्त्यापर्यंत मागे आला, परात हातात धरून.

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. काही बिघडलं की एका कागदावर पाच वेळा 'का' विचारायचं. भाग का नाकारला गेला? भोक वाकडं पडलं. का वाकडं पडलं? असं करत पाचव्या 'का'पर्यंत खोदत जायचं, मूळ कारण तिथं सापडतं. याला आम्ही व्हाय-व्हाय म्हणतो. दर मंगळवारी मी ते कंपनीतल्या पोरांना शिकवतो. पहिला नियम मीच फळ्यावर मराठीत लिहून ठेवलाय: कारण शोधा, माणूस नको. कोणी 'ऑपरेटरची चूक' असं लिहून आणलं की मी तो कागद त्याच्यासमोर चुरगाळतो. "माणसापाशी थांबलास म्हणजे आळस केलास," असं म्हणतो. पोरं घाबरतात मला.

दुसऱ्या दिवशी परचेसचा दिग्विजय माझ्या टेबलाशी आला. ज्योतीरामच्या फॉर्मवर क्वालिटीचा शेरा हवा होता. मी म्हणालो, शेरा कशाला, पूर्ण विश्लेषण देतो. आणि लिहिलं. गाडी का बंद पडली? फिल्टर तुंबला. का तुंबला? गाळ आला. नव्या फिल्टरमध्ये आठवड्यात गाळ का आला? फिल्टर नवा नव्हता. जुना का बसवला? मेकॅनिकची कामाची पद्धत विश्वासार्ह नाही. पाचव्या रकान्यात लिहिलं: लागू नाही. खाली माझी सही आणि हुद्दा. दिग्विजय म्हणाला, "सर, पाचवा 'का' रिकामाच?" मी म्हणालो, "मिळालं ना कारण? मग!" तो मंगळवारच्या वर्गातलाच मुलगा. कागद घेऊन गेला.

फॉर्म नाकारला गेला आणि कारणाची प्रत ज्योतीरामला पोस्टानं गेली, अशी पद्धतच आहे.

गाडी मी मोशीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये टाकली. एसी वेटिंग रूम, कॉफी, सगळं. तिसऱ्या दिवशी तिथल्या सुपरवायझरनं मला खाली बोलावलं. टाकी उतरवून ठेवली होती. तिच्यातून काढलेलं त्यानं एका ट्रेमध्ये ओतून ठेवलं होतं. काळं, चिकट, काकवीसारखं. मधे मधे पोपडे. तो म्हणाला, "सर, हा तुमचा जुना गाळ. बायोडिझेलनं सोडवला आणि फिल्टरमध्ये पाठवला. दहा फिल्टर बदलले असते तरी दहाही तुंबले असते. सुरू करायच्या आधी टाकी धुवायची असते. कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? त्या ट्रेसमोर, दोन मेकॅनिक ऐकत असताना, खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की मला स्वतःलाच ऐकू आल्यावर कळलं. आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही. पण त्या एका 'नाही'ची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. ज्योतीरामला मी आधी चोर ठरवलं आणि मग तो काही बोललाच नव्हता असंही ठरवून टाकलं.

घरी अरुंधतीला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही टोकलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. शेवटी म्हणाली, "माझ्याकडे काय सांगतोस? त्याच्याकडे जा."

गेलो. मार्चचा दुसरा आठवडा असेल. शेडमध्ये तो एकटाच होता. मला बघून उठला, स्टूल पुसून पुढे केलं. आणि मला समोर दिसला माझा कागद. पान्यांच्या फळीशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार खिळ्यांनी ठोकलेला. माझी सही लांबूनही ओळखू येत होती.

मी म्हणालो, "हे इथं कशाला लावलंस?"

"लक्षात ऱ्हावं म्हनून. इंग्रजी हाय, पर एका गिऱ्हाइकाकडनं वाचून घेतलं. आता नवा फिल्टर डब्यातनं गिऱ्हाइकाम्होरंच काडतो बगा. जुना त्येंच्याच हातात देतो. तुमी लिवलंय म्हनल्यावर कुटंतरी चुकलंच आसंल माजं. बाजारातनं आनलेलाच फिल्टर जुना आसंल, मला वळकू आला नसंल. तीन रात्री इचार केला साहेब, मला गावंना."

तो रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या. त्यासाठी तयार होऊनच आलो होतो. हा माणूस माझ्या खोट्या कागदावरून स्वतःला सुधारत बसला होता. कसंबसं सांगितलं. टाकी, ट्रे, गाळ सगळं. परातीत तो काय करत होता हेही मला आता कळलं असल्याचं सांगितलं. तो गाळ कुठून येतो ते शोधत होता. मी पाचव्या रकान्यात लिहायला हवं होतं ते बोलून दाखवलं: टाकी का धुतली नव्हती? कारण ज्योतीरामनं सांगूनही मी ऐकलं नाही.

त्यानं हातातला पाना फळीवर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजी मी चुकलो न्हवतो?"

"नाही रे. नव्हतास."

त्यानं मान हलवली, दोनदा. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "ह्ये कागदावर लिवून द्याल का साहेब? तुमच्या सहीनं? पॅनल एकतीसला बंद हुतंय म्हनला व्हता."

आणि मी म्हणालो, "बघतो."

आमच्याकडे 'नाही' कोणी म्हणत नाही. 'बघतो' म्हणतात. सरकारी कचेरीपासून कंपनीच्या एचआरपर्यंत हा शब्द ज्यानं ऐकला त्याला त्याचा अर्थ कळतो, आणि ज्योतीरामनं तर तो पाच वर्षं मागच्या गेटवर ऐकला होता. तो म्हणाला, "बगा, सवडीनं." आणि चहा सांगायला उठला.

मी का कचरलो ते सांगतो, लपवून काय करू! अठ्ठावीस तारखेला आमच्या मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं. ते फायली उघडतात. क्वालिटीच्या प्रमुखानंच माणसावर खापर फोडून पाचवा रकाना सोडला आणि पंधरा दिवसांत स्वतःचाच कागद खोटा ठरवला, हे त्यांच्या हाती लागलं असतं तर माझी अब्रू गेली असती. मंगळवारची पोरं हसली असती. दिग्विजय हसला असता. एवढंच. नोकरी गेली नसती, काही नाही. फक्त हसले असते. त्या हसण्याला मी भ्यालो.

ऑडिट झालं. शाबासकी मिळाली, पेढे वाटले गेले. तरी हातात तीन दिवस होते. एकतीसच्या दुपारी कोरा फॉर्म उघडला, वर ज्योतीरामचं पूर्ण नाव लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. आलो तर कुणाचा तरी फोन, मग मीटिंग. दिग्विजय साडेपाचला यादी घेऊन डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेला, ते मी काचेतून पाहिलं. उठून हाक मारायला वीस पावलं होती. मी बसून राहिलो.

चार एप्रिलला लिहिलं. तेव्हा कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. पाचही रकाने भरले, खरं लिहिलं, माझं नाव घालून लिहिलं, मोठी सही केली. दिग्विजयनं वाचून फाईलला लावलं. "पुढच्या पॅनलला विचार करू सर," म्हणाला. म्हणजे तीन वर्षांनी. मग एक प्रत घेऊन रविवारी ज्योतीरामच्या घरी गेलो. मनात काय होतं सांगू? मला हलकं वाटत होतं. वाटेत मिठाईसुद्धा घेतली.

शेडच्या मागेच दोन खोल्या आहेत. ज्योतीराम अंघोळ करून स्वच्छ सदरा घालून बसला होता. कागद त्यानं दोन्ही हातांनी घेतला. मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. पाचव्या रकान्यापाशी आलो तेव्हा त्यानं बायकोला हाक मारली, "अगं ये, ऐक ह्ये. साहेबांनी लिवून दिलंय, माजी चूक न्हवती म्हनून." मी ती ओळ पुन्हा वाचली. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्याची बायको चतुराबाई. त्या चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. खोक्यांवरची लेबलं आणि तारखा तपासणं हे त्यांचं आठ तासांचं काम. त्यांनी पदराला हात पुसून कागद घेतला. मजकूर वाचलाच नाही. नजर सरळ खाली गेली, सहीच्या शेजारी.

"ह्ये चार तारखेचं हाय," त्या म्हणाल्या.

ज्योतीराम म्हणाला, "आगं, मोठ्या लोकास्नी कामं आसत्यात. मार्च एंड व्हता त्येंचा. येळ मिळाला नसंल."

चतुराबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, काही नाही. शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "साहेब, एकतीसच्या आधी येळ न्हवता का तुमास्नी?"

ज्योतीराम माझ्या तोंडाकडे बघत होता. मी 'नव्हता' म्हणावं म्हणून तोच जिवाचा कान करून बसला होता.

"होता," मी म्हणालो.